कणीक आणि खळ

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, लावलेली कणीक वाजवून झालं की लगेच खरवडून काढायची असते. राहिली तर वाळते, पुडी ताणते, आणि रात्री उंदीर येतात ते वेगळंच. कुडाळला गुरुजींकडे शिकायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर माझं मुख्य काम हेच होतं, कणीक मळायची आणि कणीक काढायची. पुढे पंचविशीत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागददुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम केला. तिथे पहिल्याच आठवड्यात गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवायला शिकवली. मॅडम म्हणाल्या, खळ पातळ हवी, उरलेली टिपून घ्यायची, नाहीतर कसर लागते. मी मनात म्हटलं, चला, एवढं तरी आपल्याला येतं.

आज मी पुण्यातल्या एका संस्थेच्या दफ्तरखान्यात काम करतो. जुने कागद आणि जुनं ध्वनिमुद्रण अशी दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. चित्रं काढतो, त्यातली थोडी विकली जातात. आणि पखवाज वाजवतो. बहुतेक वेळा भजनात, क्वचित धृपद शिकणाऱ्या एखाद्या मित्राच्या साथीला. "तिन्ही कसं जमवता?" असं विचारणारी मुलं हल्ली वरचेवर भेटतात. कुणी कोल्हापुरात चित्रकला शिकतंय आणि घरी कीर्तनाची परंपरा आहे, कुणी विशारद झालंय आणि ग्रंथालयात नोकरी शोधतंय. त्यांना मी जे सांगतो ते इथे लिहितो. तिन्ही मला सारखी जमत नाहीत, हे आधीच कबूल करतो. चित्रकलेला सर्वांत कमी वेळ मिळतो आणि त्याची रुखरुख आहे.

सुरुवातीची चार-पाच वर्षं मी या तिघांना तीन वेगळे उद्योग समजत होतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी रियाज, रविवारी चित्र. यात एकही धड होत नाही. नोकरीत लक्ष नाही म्हणून बोलणी खाल्ली, रियाजाला दमून बसलो, रविवारी झोपलो. गाडी रुळावर आली ती सांध्यावरची कामं सापडल्यावर. सांधा म्हणजे जिथे दोन विद्या एकाच वेळी लागतात आणि एकच येणारा माणूस अडतो अशी जागा. अशी कामं संग्रहालयांत आणि दफ्तरखान्यांत पडून असतात. त्यांची जाहिरात येत नाही, कारण ती अडली आहेत हे बऱ्याचदा तिथल्या लोकांनाही ठाऊक नसतं.

एक उदाहरण तबकड्यांचं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या डिजिटल करण्याचं काम आमच्याकडे आलं. तंत्रज्ञ हुशार होता. सुई बरोबर निवडली होती, कारण या तबकड्यांची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते आणि एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत नुसती खरखर काढते. फिरवण्याचा वेगही त्याने नेमका ७८ ठेवला होता. पण सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी तबकड्या ७८ या वेगाने मुद्रित झालेल्याच नाहीत. कुठे ७४, कुठे ७६, कुठे ८० सुद्धा. ७४ची तबकडी ७८ने फिरवली की जवळजवळ अर्धा स्वर चढतो. गाणाऱ्याचा गळा चिरका लागतो, लय पळते, तबल्याची शाई वाळल्यासारखी वाजते. मी ऐकलं तेव्हा साथीची पेटी काळी एक आणि पांढरी दोन या लागून असलेल्या दोन सुरांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत होती. जुन्या पेट्यांची पट्टी आजच्यासारखी ठरलेली नसे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण त्याच बैठकीतल्या, म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक लागून असलेल्या, आणखी दोन तबकड्या होत्या. तिन्ही एकाच पट्टीत येईपर्यंत वेग खाली आणला आणि अचानक तबला तबल्यासारखा वाजू लागला. (मॅट्रिक्स क्रमांक लेबलवरच्या विक्रीच्या क्रमांकाहून वेगळा असतो. तो लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला किंवा उमटवलेला सापडतो. नवीन माणसाने सूची करताना दोन्ही टिपावेत. एकच टिपून मी एकदा साठ तबकड्या पुन्हा काढल्या आहेत.)

हे काम करायला मोठा गवई लागत नाही. पेटीच्या पट्ट्या कानात बसलेल्या असल्या की पुरतं. त्या दिवसापासून माझ्या कंत्राटात ध्वनिमुद्रणाचं खातं आलं.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं, कारण ते माझ्या गावाशेजारचं आहे. कुडाळला लागून पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर आदिवासी कलाकारांची चित्रकथी आता बऱ्याच लोकांना नावाने माहीत झाली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं, तिथे शाळांच्या सहली येतात. चित्रकथी म्हणजे एकामागून एक चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली कथा. वीणा, टाळ आणि हुडूक या वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान चालतं. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. इथे पोथी वाचायची नसते, गायची असते.

अशीच एक पोथी एका खाजगी संग्रहातून दुरुस्तीला आली. पानांवर क्रमांक नव्हते. आधीच्या कुणी सूचीकाराने ती "सुटी चित्रं, विषय: पौराणिक" अशी नोंदवून आकारमानाप्रमाणे लावून ठेवली होती. चित्रं दोन-दोन करून पाठीला पाठ चिकटवलेली होती. ती सोडवून सपाट करायची का, अशी चर्चा चालू होती. कागदाच्या दृष्टीने ते बरोबर वाटतं. पण पाठीला पाठ चिकटवण्यामागे हिशोब असतो. सांगणारा चित्र उलटतो आणि पुढचा प्रसंग समोर येतो. म्हणजे जोड्या सोडवल्या असत्या तर क्रमाचा अर्धा पुरावा आम्हीच नष्ट केला असता.

मी पानांची रेखाटनं करायला घेतली. स्कॅन झालेलं असताना हाताने कशाला काढतोस, असं सगळ्यांनी विचारलं. हाताने काढताना डोळा प्रत्येक रेषेवरून चालतो, हे त्याचं उत्तर. तिसऱ्या-चौथ्या पानाला लक्षात आलं की खालच्या एका कोपऱ्यात प्रत्येक चित्राचा रंग मळलेला आहे, अंगठ्याएवढा. काही पानांवर मळ गडद, काहींवर जेमतेम. जी पानं जास्त वेळ हातात राहिली, ज्या प्रसंगावर सांगणारा रेंगाळला, ती जास्त मळली असणार. साफसफाईच्या यादीत हा मळ "डाग" म्हणून होता आणि पुढच्या आठवड्यात निघणार होता. तो तसाच ठेवावा म्हणून मी लेखी टिपण दिलं, मान्य झालं. आजवर लिहिलेल्या टिपणांपैकी मला अभिमान वाटावा असं ते एकच.

क्रमाचा उरलेला अर्धा भाग मात्र ना स्कॅनमधून सुटला, ना रेखाटनातून. चित्रांचे रंगीत छाप घेऊन मी पिंगुळीला एका ज्येष्ठ कलाकाराकडे गेलो. त्यांनी छाप जमिनीवर पसरले, टाळ घेतला, गायला लागले, आणि गाता गाता एकेक छाप उचलून बाजूला ठेवत गेले. तासाभरात पोथी लागली. मधल्या दोन जागी ते थांबले आणि म्हणाले, "हयसर चित्र गेलाला आसा." दोन जोड्या गहाळ होत्या. सूचीत आता त्या दोन रिकाम्या जागांची नोंद आहे. गाणं सोडून नुसती चित्रं जपली असती तर काय हरवलंय हेसुद्धा कळलं नसतं.

इथे एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. मी ठाकर समाजाचा नाही, त्यामुळे चित्रकथीच्या शैलीत चित्रं काढून विकत नाही. तशी मागणी येते, पैसेही बरे मिळतात. मागणारा आला की त्याला पिंगुळीचा रस्ता सांगतो.

आता पैशाचं. २०१२ साली माझा पहिला पगार १२,००० रुपये होता आणि तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा रुजू व्हायचं. या क्षेत्रात असं वर्षानुवर्षं चालतं, कायम जागा फार थोड्या निघतात. एका संस्थेने तर सूचीचं काम पूर्ण झाल्यावर मानधन देण्यासाठी मला चौदा महिने फेऱ्या मारायला लावल्या. तेव्हापासून कामाचे तीन टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला पैसे, असं आधीच लिहून घेतो. आज माझ्या मिळकतीचा साधारण दोन तृतीयांश भाग दफ्तरखान्यातून येतो. उरलेल्यात पुस्तकांची रेखाटनं आणि मुखपृष्ठं, वाद्यांची सचित्र नोंद करण्याची कामं आणि शेवटी भजनाची बिदागी. बिदागीवर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. पण गणपतीत सिंधुदुर्गात गेलो की दहा-बारा दिवसांत पखवाजाच्या वर्षभराच्या पुड्यांचा आणि त्या आवळणाऱ्या ओढीचा खर्च निघतो. डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना, असेल तर थोडं जास्त.

शिष्यवृत्त्यांची माहिती मुलांना फार उशिरा मिळते, म्हणून एवढं लिहितो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयात मिळते, दोन वर्षं. पुढे २५ ते ४० वयात कनिष्ठ अभिछात्रवृत्ती आणि चाळिशीनंतर वरिष्ठ. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे संग्रहालयं आणि अभिलेखागारांतल्या वस्तूंवर कलाकारांनी काम करावं यासाठी वेगळा कार्यक्रम आहे. आपल्यासारख्या सांध्यावरच्या माणसाला तो सोयीचा. अर्जात "मी तीन कला जाणतो" असं लिहू नका. "अमुक संग्रहात अमुक वस्तू आहे आणि ती कळायला या दोन गोष्टी लागतात" असं लिहा. पहिल्या प्रकारचे माझे दोन अर्ज फेटाळले गेले, दुसऱ्या प्रकारचा पहिलाच मंजूर झाला.

शिक्षणाचं थोडक्यात. चित्रकलेसाठी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या असतील तर उत्तम, पुढे बीएफए. संगीतात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा उपयोग अर्जातल्या रकान्यापुरता होतो, हे कुणाला आवडो न आवडो. पण तो रकाना रिकामा असला की अर्ज बाजूला पडतो, म्हणून विशारदपर्यंत जा. अभिलेखागाराचं शिक्षण राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतं, एक वर्षाची पदविका आणि काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम. घर सोडणं जमत नसेल तर छोट्यापासून सुरुवात करा, मी तेच केलं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, ते चुकवू नका. चित्रकाराला मोडी लवकर येते असा माझा अनुभव आहे. आधी ओळ आखून तिला अक्षरं टांगत जायचं आणि बोरू शक्यतो उचलायचा नाही, हे हाताला समजलं की डोळा मागोमाग येतो. दक्षिण कोकणातल्यांना पणजीचं पुराभिलेखागारही जवळ आहे. त्याची सुरुवात १५९५ सालापर्यंत मागे जाते, आणि तिथे मोडी-मराठीबरोबर पोर्तुगीज येणाऱ्याला कामाची वाण नाही.

रंगांचं ज्ञान दफ्तरखान्यात किती उपयोगी पडतं हे चित्रकलेच्या वर्गात कुणी सांगत नाही. जुन्या पोथीतला झळझळीत पिवळा हरताळ असू शकतो, म्हणजे त्यात सोमल (आर्सेनिक) आहे. तांबडा हिंगूळ असेल तर पारा. हातमोजे कशासाठी घालायचे ते इथे कळतं. हिरव्या रंगाच्या जागी नेमकी भोकं पडलेली दिसली तर जंगालाचा संशय घ्यायचा, तांब्याचा तो रंग कागद खातो. अशा पानाला पाण्याचा हात लावला तर नुकसान वाढतं. आमच्याकडे रसायनशास्त्रवाले तपासणी करून सांगतात, पण कोणत्या पानाची तपासणी आधी करायची हे रंग घोटलेला माणूस पटकन सांगतो.

आता अंगाचं, कारण यावर कुणी बोलत नाही. रात्रभर डबलबारी वाजवून सकाळी दुरुस्तीच्या टेबलावर बसलो होतो, सुरुवातीच्या दिवसांत. हात सूक्ष्म थरथरत होते, मला जाणवतसुद्धा नव्हते. जपानी टिश्यू, म्हणजे दुरुस्तीचा पातळ कागद, लावताना एका पत्राची कड माझ्या हाताने फाटली. पत्र फार महत्त्वाचं नव्हतं, घराच्या कौलांच्या हिशोबाचं होतं. पण ती फाट आजही रजिस्टरात माझ्या नावावर आहे आणि असायलाच हवी. तेव्हापासून नियम केला, कार्यक्रमानंतरचा दिवस सूचीचा. संगणकावर नोंदी करायच्या, कागदाला हात लावायचा नाही. तसंच दिवसभर हेडफोन लावून खरखर ऐकली असेल तर संध्याकाळी झांजांच्या शेजारी बसत नाही. कान थकतात आणि थकलेला कान स्वर चढाच ऐकतो असं मला तरी वाटतं. दफ्तरखान्यातली धूळ गाणाऱ्यांच्या घशाला वाईट. गायक मित्रमैत्रिणींनो, मास्कचा कंटाळा करू नका.

साहेबाशी सुट्टीचं बोलणं मुलाखतीतच करून टाका. गणपती आणि आषाढीला मी नसतो, मार्चमध्ये मी कुठेच जात नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा समोरचे हसले. पण बारा वर्षांत वाद झाला नाही.

तिन्ही वाटा एकत्र चालणं हे काही नवीन खूळ नाही. द. ग. गोडसे चित्रकार होते, नेपथ्यकार होते, आणि इतिहासाची जुनी कागदपत्रं चाळून त्यांनी लिहिलं. अशोक दा. रानडे गाणारे होते आणि मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाचं कामही त्यांनी केलं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. एका माणसाने जमवलेल्या वस्तूंत वाद्यं आणि चित्रकथीची चित्रं एकाच छपराखाली आहेत. तिथल्या वाद्यांची रेखाटनं करत मी कितीतरी शनिवार काढले. पोर्टफोलिओतली पहिली आठ पानं तीच होती आणि नोकरी त्यांच्यावरच मिळाली.

राहिला हक्कांचा प्रश्न, आणि इथे मी एक चूक केली आहे. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीताचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. वादकाचा-गायकाचा हक्क ५० वर्षांचा. हे पाठ असून उपयोग होत नाही, कारण आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या कॅसेटी कुणी घरात, कुणी देवळात टेप केलेल्या असतात. त्यांचा मालक कायद्याच्या पुस्तकात पटकन सापडत नाही. एका दिवंगत बुवांच्या भजनाचा तुकडा मी उत्साहाच्या भरात मोबाइलवरून चारचौघांना पाठवला. तो फिरत फिरत त्यांच्या घरी पोचला. त्यांच्या मुलाचा फोन आला, "आमका इचारूक जमला नाय तुका?" तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन माफी मागितली. आता मराठीत एक पानी संमतिपत्रक करून ठेवलं आहे. त्यात तीन प्रश्न आहेत: जपू का, अभ्यासाला येणाऱ्यांना ऐकवू का, सगळ्यांना खुलं करू का. लोक बहुतेकदा पहिल्या दोघांना हो म्हणतात आणि तिसऱ्यावर थांबून विचार करतात. तो विचार होऊ द्यावा.

कॅसेट हातात आली की सर्वांत आधी मागच्या कडेच्या दोन चिपा मोडायच्या, म्हणजे चुकून वर काही टेप होत नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवायची नाही, यंत्र बिघडतं आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागण होते. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. ऐकायला देण्यासाठी एमपी३ वेगळी. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात. आमची दुसऱ्या गावातली प्रत माझ्या बहिणीच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

गेल्या वर्षी अशीच एक कॅसेट आली. लेबलवर बुवांचं नाव होतं, पेटीवाल्याचं होतं, पखवाजाच्या पुढे काहीच नव्हतं. आमच्या रजिस्टरात अशा वेळी "अज्ञात" लिहितात. ऐकलं आणि दुसऱ्या अभंगातली तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, ओळखीची वाटली. ती माझ्या गुरुजींची, मला शंकाच नव्हती. वीस वर्षं ऐकलेला हात. तरी नियम असा की एकट्याच्या कानावर नाव लिहायचं नाही, म्हणून गुरुजींना फोन लावून ते दीड मिनिट ऐकवलं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "माजी थाप इतकी ओली कदी होती रे? ह्यो मी न्हय. माका ज्येणां शिकवल्यान, तेचो हात हो." आणि मी कधीही न ऐकलेलं एक नाव आणि वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीचं नाव सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या वाडीत गेलो. घर उघडं होतं, नातू ओळखीचा निघाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणखी अकरा कॅसेटी मिळाल्या. त्यातल्या चारांवर बुरशी आहे, त्या अजून वाजवलेल्या नाहीत.